डागडुजी घरापर्यंत पोचते का?

मध्यंतरी मावशीकडे गेलो होतो. ती निवृत्त शिक्षिका. तिचा फोन २०१९ साली मीच घेऊन दिलेला. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी दिवसभर पुरते. कीर्तने ऐकण्यापासून पेन्शन जमा झाली का ते पाहण्यापर्यंत तिचे सगळे त्यावरच चालते. सहज सेटिंग्जमध्ये शिरलो आणि सुरक्षा अपडेटची तारीख पाहिली : मार्च २०२२. आणि खाली लिहिलेले, 'तुमची प्रणाली अद्ययावत आहे'. कंपनीने त्यानंतर काही पाठवलेच नाही, म्हणून फोनच्या लेखी सगळे आलबेल!

मावशी म्हणाली, "अरे, चांगला चालतोय की. बिघडलेय कुठे?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देताना मला तिला २०१६ सालची एक गोष्ट सांगावी लागली. तीच इथे सांगतो.

फोन असो वा संगणक, त्याच्या पोटात कर्नल नावाचा एक गाभा असतो. कुठल्या प्रोग्रॅमने काय वाचावे, कुठे लिहावे, हे तो ठरवतो. अँड्रॉइड फोनमधला हा गाभा लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहायला घेतला आणि आज जगभरची माणसे मिळून त्याची निगा राखतात. एका सर्व्हरवरचा हल्ला तपासताना फिल ओस्टर या तंत्रज्ञाला २०१६ मध्ये या गाभ्यातच एक भोक सापडले.

ते समजायला वाचनालयातला एखादा दुर्मीळ ग्रंथ डोळ्यांसमोर आणा. तो कोणीही वाचावा. पण कोणाला खुणा करायच्या असतील तर ग्रंथपाल त्या पानाची नक्कल काढून देतो, मूळ पान जसेच्या तसे राहते. कर्नलही असेच करतो. चोराची युक्ती अशी, की नक्कल तयार होताक्षणीच साथीदाराने ती नाहीशी करायची. परवानगीची तपासणी तर होऊन गेलेली, त्यामुळे गोंधळात ग्रंथपाल मूळ पानच पुढे करतो आणि लेखणी त्यावर चालते. पुन्हा पुन्हा केले की एखाद्या वेळी हे साधते, आणि साधा पाहुणा घराचा मालक होऊन बसतो. 'लिहिताना नक्कल' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून या भोकाला 'डर्टी काऊ' हे नाव पडले. २००७ पासूनच्या लिनक्समध्ये ते होते. नऊ वर्षे!

मला भावली ती त्यापुढची हकिकत. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती आणि ती स्वतः टोरवाल्ड्सने केली. सोबतच्या टिपणात त्याने लिहून ठेवले, की हा जुनाच दोष आहे, अकरा वर्षांपूर्वी मीच तो बुजवायचा प्रयत्न केला होता, तो धड जमला नव्हता, आणि एका प्रकारच्या मोठ्या संगणकांवर त्याची अडचण झाल्याने तो मागे घ्यावा लागला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये या नव्या दुरुस्तीतही एक फट निघाली. तीही बुजवली गेली.

काहींना यात नामुष्की दिसेल. मला तसे वाटत नाही. आपल्या गोव्यात खाजन शेती सांभाळणाऱ्यांना हे सांगायला नको. बांधाला कुर्ली बीळ पाडणारच. भरतीचे खारे पाणी तिथून शिरले की शेत वाया जाते. म्हणून बांधावर फिरून बिळे शोधणे, चिखलाने ती बुजवणे आणि मानस नीट राखणे ही गावकरीची रीत होती. बीळ सापडले म्हणून बांध घालणाऱ्याला कोणी दोष देत नसे. दोष लागे तो बीळ ठाऊक असून न बुजवणाऱ्याला.

तसा दोष इथे कोणाला लागतो? डर्टी काऊची दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. गूगलने ती डिसेंबरपर्यंत अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटमध्येही घातली. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीला याच भोकातून फोनमध्ये शिरणारे 'झेडएनआययू' नावाचे एक कुरापती ॲप आढळले. चाळीसहून अधिक देशांत पाच हजारांवर बळी, आणि त्यांतले बहुतेक चीन आणि भारतातले. मलम तयार होऊन जवळजवळ वर्ष लोटले होते, जखमेपर्यंत मात्र ते पोचले नव्हते.

कारण वाट लांब आहे. लिनक्सकडून गूगलकडे, तिथून चिप बनवणाऱ्याकडे, मग फोनच्या कंपनीकडे, आणि शेवटी आपल्याकडे. प्रत्येकाने कर्नलची आपापली प्रत बाळगलेली, प्रत्येकाने ती पुन्हा तपासायची. कंपनीला पैसा मिळतो नवा फोन विकून. जुन्याची डागडुजी हा तिच्या लेखी निव्वळ खर्च.

अपडेटची भीती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पाडली, विमाने जमिनीवर राहिली. मीही 'नंतर आठवण करा' हे बटण महिनोन्महिने दाबलेले आहे. पण यावरचा उपाय म्हणजे आधी थोड्या यंत्रांवर पाहून मग सर्वांना देणे. देणेच थांबवणे हा उपाय नव्हे.

माझे म्हणणे एवढेच, की डागडुजी किती वर्षे मिळेल ते फोनच्या खोक्यावर छापील किमतीइतक्याच ठळकपणे लिहिलेले असावे, आणि त्याला कायद्याने किमान मुदत असावी. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून मुदत जाहीर करणे बंधनकारक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला : फोनच्या एखाद्या प्रकाराची विक्री कंपनीने थांबवली, की तिथून पुढे किमान पाच वर्षे अपडेट द्यायचे. आपल्या सरकारनेही ऑक्टोबर २०१६ मध्येच, म्हणजे डर्टी काऊ बुजवले त्याच महिन्यात, फोनवर भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत अशी अधिसूचना काढली होती. अंमलबजावणी लांबली, पण कंपन्यांना ते मानावे लागले. मराठी अक्षर दिसावे म्हणून जी सक्ती करता येते, ती मराठी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची पेन्शन सुरक्षित राहावी म्हणून का करता येऊ नये?

मावशीला शेवटी नवा फोन आणून दिला. घेताना दुकानदाराला विचारले, याला अपडेट किती वर्षे? त्याने कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते सांगितले.

जुना फोन तिच्या कपाटात आहे. अजून चांगला चालतो.