प्रयोग थांबला असता, तर काय बिघडलं असतं?

आजी गेली त्या रात्री मी हळदीत कीबोर्ड वाजवत होतो.

हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, कारण त्याचं रील आधीच होऊन गेलं होतं. आमच्याच बेंजो पार्टीतल्या एकाने मांडवात तीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. दोन दिवसांनी त्यावर मजकूर टाकून तो सोडला : 'सकाळी आजीला अग्नी, रात्री सुपारी. खरा कलाकार. सलाम!' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. एकाने लिहिलं होतं, 'आजच्या काळातला बालगंधर्व.'

खरं काय होतं ते सांगतो. चार हजारांची सुपारी होती. ॲडव्हान्स आजीच्याच औषधांत संपला होता. सालवडला स्मशानातून घरी आलो, तेव्हा पार्टीच्या मालकाचा फोन आला. 'येणार नसशील तर ॲडव्हान्स परत दे. पुढच्या सीझनला मी दुसरा बघतो. आणि सुतक आहे ते तिकडे बोलू नको.' फोन ठेवता ठेवता जरा मऊ आवाजात म्हणाला, 'कलाकाराचं असंच असतं रे.'

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

त्या कमेंटमुळे मी बालगंधर्वांबद्दल वाचायला लागलो. तोवर माझ्यासाठी ते पुण्यातल्या एका नाट्यगृहाचं नाव होतं, आणि सुबोध भावेचा 2011 चा सिनेमा. नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888. पुरुष असून स्त्रीभूमिका करायचे आणि असे गायचे की अख्खा महाराष्ट्र वेडा झाला. 12 मार्च 1911 ला मुंबईत खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता. बालगंधर्व भामिनी होणार होते. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. बालगंधर्व गायले.

ही गोष्ट आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षं सांगितली जाते आहे. भाषणात, शाळेत, स्टेटसवर. सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. या गोष्टीत मुलीचं नाव नसतं. त्या रात्री तिच्या आईजवळ कोण बसलं होतं, हेही नसतं. प्रयोग आठवडाभर पुढे गेला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

मी विचारतो. काय झालं असतं? तिकिटं परत करावी लागली असती. नुकसान झालं असतं. आणि 'मानापमान' हे आठ दिवसांनीही 'मानापमान'च राहिलं असतं. गोविंदराव टेंब्यांच्या चाली तेवढ्याने नासल्या नसत्या.

आता लगेच चिडू नका. बालगंधर्वांवर माझा राग नाही. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्या आजच्या वयापेक्षा लहान. किर्लोस्कर नाटक मंडळीचे ते मालक नव्हते, नट होते. दुःखात माणूस कामाला मिठी मारतो, हेही मला कळतं. कदाचित त्या रात्री गाणं हाच त्यांना आधार वाटला असेल. एखाद्याला तसं वाटलं तर त्याने जरूर गावं. पण एका माणसाने एका रात्री जे केलं, ते पुढच्या सगळ्यांसाठी आपण नियम करून टाकलं, हे मला चालत नाही. त्यांनी केलं तो त्यांचा निर्णय होता. माझ्या मालकाने तो माझ्याकडून वसूल केला.

पुढची कहाणी बघा. 1913 मध्ये त्यांनी सोबत्यांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी शालू, खरे दागिने, थिएटरात अत्तराचा सुगंध. प्रेक्षकांना कमी काही द्यायचंच नाही. मंडळी कर्जात बुडाली. मदत करायला लोक तयार असतानाही त्यांनी प्रयोगांवर प्रयोग करून कर्ज फेडलं. मग बोलपट आले आणि नाटकाचं दिवाळं वाजू लागलं. 1935 मध्ये त्यांनी प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. पण कॅमेऱ्यापुढे त्यांचं मन रमलं नाही. ते पुन्हा रंगभूमीवर आले. गोहरबाई कर्नाटकी आयुष्यात आल्या तेव्हा याच प्रेमळ महाराष्ट्राने नाकं मुरडली. उतारवयात पायांनी साथ सोडली. 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं, 15 जुलै 1967 ला ते गेले आणि पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 ला उघडलं. जवळजवळ एका वर्षाने चुकामूक झाली.

हे सगळं वाचून आपण म्हणतो, 'केवढा त्याग!' मी म्हणतो, केवढी सोय! कलाकाराने झिजायचं आणि आपण नंतर त्याच्या नावाची पाटी लावायची.

झिजण्याचं बिल घरच्यांच्याही नावावर येतं. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचंच घ्या. बलवंत संगीत मंडळी गाजवलेला माणूस. पुढे सिनेमाच्या धंद्यात खोट आली, मंडळी बंद पडली. 24 एप्रिल 1942 ला ते गेले तेव्हा वय होतं 41. थोरली मुलगी बारा वर्षांची. त्याच वर्षी तिने 'पहिली मंगळागौर' या सिनेमात काम केलं. अभिनय तिला आवडत नव्हता, पण घर चालवायचं होतं. ती लता होती म्हणून ही गोष्ट आपल्याला गोड शेवटाची वाटते. ज्यांच्या मुली लता झाल्या नाहीत, त्यांच्या गोष्टी कोण सांगतं?

आणि विठाबाई नारायणगावकर. त्यांची गोष्ट तर तुम्ही रीलवर पाहिलीच असेल. तमाशा रंगात आला होता, दिवस भरले होते. पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन नाचल्या. रील इथे संपतं. पण गोष्टीला पुढचा भागही आहे. सांगतात की, पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांना कळलं. त्यांनीच खेळ थांबवला आणि बाईंना विश्रांती घ्यायला लावली.

हे पुन्हा एकदा वाचा. खेळ प्रेक्षकांनी थांबवला. आपण मात्र दगड लक्षात ठेवला आणि प्रेक्षक विसरलो. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळालेल्या या बाईची अखेरची वर्षं हलाखीत गेली. 2002 मध्ये त्या वारल्या. आता सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. परत पाटी.

माझे पप्पा तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. आम्ही सालवडची माणसं. रात्री वास आला की खिडक्या लावायच्या आणि सायरन वाजला की आधी घरच्यांना फोन करायचा, हे आम्हाला लहानपणापासून येतं. रील पाहून पप्पा एवढंच म्हणाले, 'तुमच्यात रिलीव्हर नसतो का?'

मला हसू आलं. मग रात्रभर झोप आली नाही.

रिॲक्टरमध्ये बॅच चालू असली की ती अर्ध्यात सोडून देता येत नाही. तापमान हाताबाहेर गेलं तर काय होतं, हे बोईसरमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच तिथे रिलीव्हर असतो. पुढचा माणूस आल्याशिवाय आधीचा हलत नाही आणि कुणाच्या घरी काही झालं तर दुसऱ्याला बोलावतात. बॅच थांबत नाही, माणूस बदलतो. ठेकेदाराच्या पोरांना तिथेही डबल मारायला लावतात, ती कीड आहेच. पण निदान तिथे कुणी 'कामगाराचं असंच असतं' म्हणून टाळ्या मागत नाही. पप्पांच्या डबल शिफ्टचं रील आजवर कुणी केलेलं नाही.

जे खरोखर थांबवता येत नाही, तिथे बदली माणसाची सोय आहे. हळद मात्र दोन तास बिनकीबोर्डची झाली तर कुणाचा जीव जात नाही, आणि तिथे म्हणे माणूस बदलता येत नाही!

'प्रेक्षकांसाठी' असं यावर उत्तर येतं. बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप म्हणायचे. मला तो शब्द आवडतो. पण मग शब्दाला जागा. ज्या लेकाचं मूल आज गेलंय, त्याला 'गा' असं कुठली माय म्हणेल? कुठला बाप 'तिकिटाचे पैसे दिलेत' असं ऐकवेल? मायबापांच्या नावाने हे बोलतो तो गल्ला सांभाळणारा. मायबापांना कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्या जुन्या लोकांनी तर दुःखाची सुट्टी ठरवूनच ठेवली होती. सुतक. त्यातली शिवाशीव मला मान्य नाही, पण घरात माणूस गेलं की दहा दिवस कुणी तुमच्याकडून कामाची अपेक्षा करायची नाही, ही शहाणी गोष्ट होती. ती मोडली कुणी? एका ॲडव्हान्सने.

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरात मृत्यू झाला तर ॲडव्हान्स परत मागायचा नाही, हे सुपारी घेतानाच बोलून ठेवा. प्रत्येक वाद्याला एक बदली माणूस तयार ठेवा. आणि रील करणाऱ्यांनो, पुढच्या वेळी 'सलाम' लिहिण्याआधी त्या माणसाला फोन करून विचारा, 'तुला यायचं होतं का?'

मला नव्हतं यायचं. पप्पा शिफ्टला आणि आई कंपनीत, त्या वर्षांत मला आजीने वाढवलं. पहिला कॅसिओ तिच्या पैशांतून आला. त्या रात्री घरात तिच्या जागी दिवा लावला होता. त्याच्यापाशी बसायचं होतं मला.

आता मी दुसऱ्या पार्टीत वाजवतो. गेल्या मे महिन्यात कोलवड्याला हळद होती. दुपारी आमच्या पॅडवाल्याचा चुलता वारला. सगळे गप्प. मी सरळ नवरदेवाच्या आईला फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

पलीकडे हळदीची गडबड ऐकू येत होती. ती बाई क्षणभर थांबली. मग म्हणाली, 'अरे, मग तो येतोय कशाला? त्याला घरी बसू दे. तुम्ही आहात ना, वाजवा काय जमेल ते.'

एवढंच. एका फोनचं काम होतं.