घाम लवकर फुटतोय? मग सराव लागू पडतोय!

जळगावात मेहरुण तलावाच्या काठाने किंवा धुळ्यात लळिंगच्या रस्त्याला पहाटे धावणाऱ्या अनेक मुला-मुलींचे लक्ष पोलीस भरतीकडे असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. महिना-दीड महिना सराव झाला, दम कमी लागतो, वेळही सुधारली, पण घाम मात्र पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त येतो. मग कुठे कमी पडतोय? कुठेच नाही. उलट शरीर तयार होत असल्याची ही खूण आहे.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा बराच मोठा भाग उष्णता बनतो. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. नवख्या माणसाचे शरीर आतून बरेच तापल्यावर घामाचा नळ उघडते. सरावलेले शरीर थोडे तापताच तो उघडते. घामाच्या ग्रंथी २० ते ४० लाखांच्या घरात असतात. व्यायामाने त्यांची संख्या वाढत नाही, पण प्रत्येक ग्रंथी जास्त घाम देऊ लागते. रक्तातल्या पाण्याचे प्रमाणही वाढते, त्यामुळे घामासाठी पाणी हाताशी असते. उन्हाची सवय झाली, की ग्रंथीची नळी घामातले मीठ परत ओढून घ्यायला शिकते. बनियनवरचे पांढरे पट्टे फिकट होतात ते त्यामुळे. शिवाय तयारीचा मुलगा जोरात धावतो, म्हणजे उष्णताही जास्त तयार करतो, हेही विसरू नये.

मात्र शेजारच्याला किती घाम येतो यावरून त्याची तंदुरुस्ती ठरवू नये. वजनदार माणसालाही भरपूर घाम येतो. तुलना करायची तर स्वतःचीच, त्याच वेगाची आणि तशाच हवेतली.

खान्देशातली हवा या बाबतीत फसवी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो, पण हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आतच उडून जातो. मुलाला वाटते, आज घामच आला नाही. प्रत्यक्षात तासाभरात एखादा लिटर पाणी गेलेले असते, ओठ आणि लघवीचा गडद रंग ते सांगतात. जूनमध्ये ढग येतात, हवा दमट होते आणि चित्र उलटे होते. घाम धारांनी गळतो, पण वाळत नाही. जमिनीवर ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही. २०२४ मध्ये राज्यातल्या पोलीस भरतीची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली होती. मेच्या कोरड्या उन्हात सराव केलेल्या मुलाला अशी हवा नवीनच असते.

रेनकोट घालून चरबी वितळत नाही

काही जण रेनकोट किंवा प्लॅस्टिकचे जॅकेट घालून धावतात. काटा किलोभर खाली येतो, मुलगा खूश होतो. तो किलो चरबीचा नसून पाण्याचा आहे, आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येतो. प्लॅस्टिकखाली घाम वाळत नाही, अंग तापत राहते. ज्या यंत्रणेला तयार करायला आठवडे लागले, तिचाच गळा दाबण्याचा हा प्रकार आहे. जे प्रशिक्षक हे करायला सांगतात, त्यांनी ते ताबडतोब थांबवावे.

वजनकाट्याचा खरा उपयोग वेगळा आहे. धावण्याआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर घाम गेला. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली, की वेग पडू लागतो. भरपाई हळूहळू करावी. मीठ टाकलेले ताक किंवा लिंबू सरबत चालते. नुसते पाणी ढोसत राहणे मात्र धोक्याचे, कारण रक्तातले मीठ पातळ होते.

पहिले दोन आठवडे

उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत नव्या कामगारांना खोलवर उतरवण्याआधी उष्ण जागेत हळूहळू सवय करून दिली जात असे. अमेरिकेत उन्हातल्या नव्या कामगाराला पहिल्या दिवशी फक्त २० टक्के वेळ उष्णतेत काम आणि रोज तेवढीच वाढ, असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे मात्र भरतीची जाहिरात निघाली, की मुलगा सोमवारी अकॅडमीत नाव घालतो आणि मंगळवारी जुन्या मुलांच्या मागे पूर्ण अंतर धावतो. तीन-चार आठवडे सराव सुटला तर कमावलेली सवयही ओसरते, म्हणून आजारपणातून परतलेला जुना मुलगाही नवाच समजावा.

एक गैरसमज जीवावर बेतू शकतो. घाम थांबला तरच उष्माघात, असे अनेकांना वाटते. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. झोकांड्या जाणे, असंबद्ध बोलणे, शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी १०८ ला फोन करावाच, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन मानेपर्यंत थंड पाण्यात बसवावे आणि डोके पाण्याबाहेर धरून ठेवावे. टब नसेल तर अंगावर सतत गार पाणी ओतावे, बर्फात भिजवलेले टॉवेल बदलत राहावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. अकॅडमीची फी भरताना पालकांनी बुटांच्या कंपनीइतकीच चौकशी मैदानावरच्या टबाची आणि बर्फाची करावी.