बाईच्या केंद्राची किंमत कोण लावणार?

गावात सातबारा, दाखले, वीजबिल असे सारे ऑनलाइन करून देणारी सेवा केंद्रे बीड जिल्ह्यात कितीतरी बायका चालवतात. केंद्र विकायची वेळ आली की किंमत मात्र घरातले पुरुष लावतात. आमच्या गटातल्या एकीच्या दिराने हिशेब केला : संगणक, प्रिंटर, दोन खुर्च्या. संपले! शेजारच्या गावच्या बायाही कागद घेऊन तिच्याकडेच येतात, ते फुकटच का?

मैत्रिणींनो, किंमत कमाईवर लावा. पण वर्ष नीट निवडा. 2023 आणि 2024 ला एक रुपयात पीकविमा होता, अर्जामागे केंद्राला विमा कंपनीकडून 40 रुपये मिळत. 2025 च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. 2024 मधली ‘लाडकी बहीण’ची गर्दीही रोजची नव्हे. ऊसतोडीला गाव रिकामे होते ते महिनेही धरून बारा महिन्यांची कमाई काढा, खर्च आणि बसणारीची मजुरी वजा करा. ही मजुरी आजवर कोणी मांडलीच नव्हती!

आणि आयडी विकू नका. तो तुमच्या नावावर मिळालेला असतो. पासवर्ड दिला आणि पुढे कोणी बोगस विमा भरला, तर नोटीस तुम्हालाच येईल. घेणाऱ्याने स्वतःचा आयडी काढावा. लोकांच्या आधारच्या प्रती सौद्यात देऊ नका, जाळून टाका. पैसे घ्यायचे ते चेकने, एकटीच्या खात्यावर.