पतंगाला धुरा कळत नाही



आभाळ फाटले तर ठिगळ कुठे लावायचे, असे आपण म्हणतो. 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातला कापूस झोपवला. त्याआधी ऑगस्टात केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले, आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत, चालू ठेवली. पाऊस आपल्या हाती नाही, भाव आज तरी नाही. मग आशा कशाच्या जोरावर धरायची?

आमचे म्हणणे सरळ आहे. हातातले काम गावाने मिळून करणे, हीच आशा. बाकी नुसती वाट पाहणे.

गुलाबी बोंडअळीचेच घ्या. 2002 मध्ये बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा आला. अळीला तोही पचू लागला आणि 2017 मध्ये आपली बोंडे पोखरली गेली. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजते. मग कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. दुकानदाराचे बिल तेवढे आपल्यापर्यंत पोचते.

पण तिची साखळी तुटते. ती फरदडीवर पोसते, उभ्या पऱ्हाटीत आणि सरकीत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. डिसेंबरअखेर कापूस संपवा, पऱ्हाटी शेताबाहेर काढा, खोल नांगरा, पुढच्या साली त्या रानात ज्वारी-तूर घ्या. हंगामात हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. सापळ्यात रोज 8 पतंग सलग 3 दिवस आले, तरच फवारणीचा विचार करा. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा.

फरदडीचे दोन पैसे सोडणे सोपे नाही. देणेकरी दारात असताना तर नाहीच, हे आम्ही जाणतो. पण एकट्याने सोडून भागतही नाही. पतंगाला धुरा कळत नाही. एकाची उभी पऱ्हाटी साऱ्या शिवाराला भोवते.

म्हणून बोरीच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने कापूस संपवण्याची एक तारीख ठरवून यावे. जे गाव एका तारखेला पऱ्हाटी उपटू शकते, ते गाव वेचणी सुरू होताच हमीभावाचे खरेदी केंद्र उघडा, असे एका आवाजात सांगूही शकते. विखुरलेल्या माणसाचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही. संघटित गावाला उत्तर द्यावेच लागते.