दारू आणि घरातील ताट



धम्मदीक्षेच्या वेळी तुम्ही पंचशील ग्रहण केले. त्यांतील पाचवे शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे शील मुखाने म्हणणे सोपे. पगाराच्या सायंकाळी ते पाळणे कठीण. परंतु केवळ धर्माने सांगितले म्हणून ते पाळा, असे आमचे म्हणणे नाही. कोणतीही गोष्ट पारखून घ्यावी, ही बुद्धाची शिकवण आहे. तेव्हा दारूही पारखून पाहू.

सांगवीचेच उदाहरण घ्या. मुळा व पवना यांच्या संगमाजवळचे हे जुने गाव आज औद्योगिक पट्ट्यात सामावले आहे. येथून पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या तोंडी एक समजूत नेहमी असते : थोडी घेतली की ताकद येते आणि झोप लागते. हे खरे आहे काय?

आधी ताकदीचा हिशेब करू. 180 मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम मद्यार्क असतो आणि त्यापासून सुमारे 420 उष्मांक मिळतात. तेवढेच उष्मांक 125 ग्रॅम ज्वारीच्या पिठापासून, म्हणजे दोन-अडीच भाकरींपासून मिळतात. परंतु भाकरीबरोबर सुमारे 12 ग्रॅम प्रथिने येतात, लोह येते, जीवनसत्त्वे येतात. दारूबरोबर यांतील काहीच येत नाही. उलट, ती भूक मारते आणि आतड्यांना अन्नातील ब-1 जीवनसत्त्व व फोलेट नीट शोषू देत नाही. फोलेट कमी पडले की रक्तक्षय होतो. ब-1 कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि पुढे स्मृतीही नष्ट होऊ शकते. म्हणजे पिणारा मनुष्य पोटभर जेवला तरी त्याचे शरीर उपाशीच राहते. झोपेचेही तसेच आहे. डोळा लवकर लागतो खरा. पण उत्तररात्री झोप मोडते आणि कामगार सकाळच्या पाळीला थकलेल्या अंगानेच यंत्रापुढे उभा राहतो.

यकृताची हानी तर मुकाट्याने होते. प्रथम त्यात चरबी साठते, मग सूज येते, शेवटी ते कठीण व निकामी होते. पोटात पाणी होईपर्यंत पुष्कळांना याची कल्पनाही नसते. मद्यपानाने क्षयाचाही धोका वाढतो. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाचे ते एक कारण आहे. दारूचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली जाहीर केले. गावठी दारूत मिथेनॉल आले तर धोका त्याच रात्रीचा असतो. 2015 साली मुंबईत मालवणीला त्याने शंभरांहून अधिक माणसे दगावली.

आता ताटाकडे पाहा. बाटलीचा पैसा येतो कोठून? तो मुलाच्या दुधातून, अंड्यातून, डाळीतून येतो. आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याच्या भाजीतून येतो. पितो एक, कुपोषण होते सर्वांचे. भारतीय राज्यघटनेच्या 47 व्या कलमात जनतेचे पोषणमान उंचावणे आणि मादक पेयांना बंदी करण्याचा प्रयत्न करणे ही दोन्ही कर्तव्ये एकत्रच सांगितली आहेत, हे ध्यानात घ्या. नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत दारूबंदीची दुरुस्ती आली तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली होती. अन्न आणि दारू यांचे वैर घटनेनेही ओळखले आहे.

"या लोकांना दारू लागतेच," असे आपल्याविषयी तुच्छतेने बोलले गेले आहे. दारू कोणाच्याही रक्तात नसते. परंतु ज्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्याच परिसरात 14 एप्रिलच्या मिरवणुकीत एखादा तरुण झिंगून नाचत असेल, तर त्या निंदेला आपणच पुरावा देतो.

मग करावयाचे काय? जो पितो त्याला हिणवू नका. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने वैद्याच्या सल्ल्याविना एकाएकी दारू तोडू नये. त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. प्रसंगी ते जिवावर बेतते. सांगवीकरांना औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कार्य करीत आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही. भगिनींनो, वस्तीतील दारूचे दुकान मतदानाने बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. त्यासाठी एकत्र या. लग्नात, बारशात, जयंतीत दारू येऊ देणार नाही, असा ठराव विहाराच्या बैठकीत करा आणि तो पाळा.

येत्या पगाराच्या दिवशी बाटलीचे पैसे घरी आणा आणि त्यांची डाळ, अंडी व पालेभाजी घ्या. पाचव्या शीलाचे पालन तेथूनच सुरू होईल.