सुट्या भागाची कुळकथा

बाद झालेल्या वाहनाचे मोल त्यातील लोखंडाच्या वजनावर ठरवायचे की त्यातून शाबूत निघणाऱ्या सुट्या भागांवर, हा प्रश्न भंगाराच्या धोरणात दुय्यम ठरला असला, तरी जुन्या व्हॅनवर ज्यांचे पोट चालते त्यांच्यासाठी तोच मुख्य आहे. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली आणि पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी २०१९ मध्ये उत्पादनातून गेली. मात्र शाळेची मुले, भाजीच्या जाळ्या, दुधाचे कॅन आणि प्रसंगी रुग्ण वाहून नेणाऱ्या ओम्नी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आजही दिसतात, आणि त्यांची दुरुस्ती दिवसेंदिवस भंगाराच्या आवारावर अधिकाधिक अवलंबून राहू लागली आहे.

या अवलंबित्वाचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. ओम्नीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मारुती ८०० मध्येही असल्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह असे त्याच्या गाभ्यातील भाग मिळवणे तुलनेने सोपे जाते. परंतु ८०० मध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, तर ओम्नीत पुढच्या सीटखाली बसवलेले इंजिन प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या लांब फिरत्या दांड्याच्या, साहाय्याने मागची चाके फिरवते. त्यामुळे गिअर बॉक्स, मागचा ॲक्सल, पाटे आणि सरकते दार या गोष्टी ८०० कडून उसन्या घेता येत नाहीत. त्या मिळवायच्या तर दुसरी ओम्नीच मोडावी लागते.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, चेन्नईत पुदुपेट आणि दिल्लीत मायापुरी हे बाजार जुन्या गाड्यांच्या अशाच गरजेवर वाढले. तेथे भाग निवडणे हे पारखीचे काम आहे. गिअर बॉक्स घेताना जाणता मिस्त्री त्याचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून गती घेणारा दांडा, हाताने फिरवत चारही गिअर एकेक करून टाकून पाहतो, शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगचा ढिलेपणा अजमावतो, आणि तळाचा नट सोडून निथळलेले तेल चिमटीत चोळतो. बोटांना बारीक राखाडी लेप लागला तर ती नेहमीची झीज समजली जाते, पण खरखरीत कण किंवा चमकते तुकडे आले तर दाते किंवा बेअरिंग गेल्याची ती खूण असते. सरकत्या दाराची पारख वेगळी. दार अर्धे उघडून मागच्या कडेने किंचित उचलले असता ते खाली बसत असेल तर रोलर झिजलेले असतात, आणि खालच्या रबरामागे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबल्यावर पत्रा आत गेला तर रंग कितीही तुकतुकीत असला तरी ते दार घेण्याजोगे नसते. ब्रेकचे लायनर व होज, स्टिअरिंगचे जॉइंट आणि सीट बेल्ट मात्र जुने घेऊच नयेत. त्यांची झीज बाहेरून कळत नाही आणि त्यांच्या चुकीची किंमत गाडीत बसलेल्यांना मोजावी लागते. शाळेच्या व्हॅनबाबत तर येथे सवलतीला जागाच नाही.

पारखीने भागाची अवस्था कळते, त्याचे मूळ कळत नाही, आणि या व्यवहाराची खरी दुखरी जागा तीच आहे. चोरीच्या वाहनांची मोडतोड होत असल्यावरून पोलिसांनी कारवाई केल्यानंतर २०२१ मध्ये मेरठचा सोतीगंज बाजार बंद पडला. अशा वेळी ज्या ग्राहकाजवळ पावती नाही, त्याला आपला व्यवहार सचोटीचा होता हे दाखवण्याचे साधनच उरत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रांचे नियम आले. त्यांनुसार केंद्राने वाहन चोरीचे नाही याची खातरजमा करायची असते आणि मालकाला ठेव प्रमाणपत्र, म्हणजे वाहन भंगारासाठी जमा केल्याचा दाखला, द्यायचा असतो. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेले आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण नियम उत्पादकांचे उत्तरदायित्व पोलादाच्या प्रमाणात मोजतात. शाबूत गिअर बॉक्स काळजीपूर्वक उतरवला काय किंवा गाडीसकट दाबून टाकला काय, या हिशेबात त्याला स्वतंत्र स्थान राहत नाही. वास्तविक ओतीव धातू पुन्हा वितळवण्यापेक्षा तो भाग आहे तसा दुसऱ्या गाडीत बसवण्यात ऊर्जा, पैसा आणि कारागिराचे कौशल्य या तिन्हींची बचत होते.

म्हणून केंद्राबाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या भागावर मूळ वाहनाच्या चेसिस क्रमांकाची पट्टी असावी, पावतीवर तोच क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि भाग उतरवल्याची तारीख असावी, आणि कुर्ल्यासारख्या बाजारातील अनुभवी कारागिरांना या केंद्रांत मोडणीच्या कामावर रीतसर घेतले जावे. कारण कोणत्या वर्षीच्या ओम्नीचे कोणते दार कोणत्या ओम्नीला बसते, याचे ज्ञान आज प्रामुख्याने त्यांच्याच हातांत आहे.