पहारेकऱ्याला रजा देऊ नका



पुण्याच्या नारायण पेठेतल्या गल्ल्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. एका अंगाला जुना वाडा, दुसऱ्या अंगाला छापखाना किंवा पुस्तकांचे दुकान, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत सम-विषम तारखेप्रमाणे लावलेल्या दुचाक्यांची रांग. केळकर रस्त्याच्या मागे अशाच एका गल्लीत मी राहतो.

गेल्या पावसाळ्यात माझा एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. निघताना त्याने मोटारसायकलचे स्टँड वर केले आणि गाडीवर न बसताच, शेजारी उभा राहून, स्टार्टरचे बटण दाबले. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. तिने एकदम पुढे उडी घेतली, त्याच्या हातून निसटली आणि समोरच्या सायकलवर आदळली. त्या सायकलचे कुलूप काढायला सातवीतली एक मुलगी नुकतीच वाकली होती. दप्तर पायरीवर राहिले म्हणून ती चार पावले मागे गेली, एवढेच काय ते वेगळे घडले. सायकलचे पुढचे चाक पापडासारखे वाकले.

मुलगा पांढराफटक पडला होता. मग म्हणाला, "सर, क्लचचा खटका बिघडला होता. क्लच दाबूनही गाडी सुरू होईना. गॅरेजवाल्याने दोन वायरी जोडून दहा मिनिटांत डायरेक्ट करून दिलं."

हा 'डायरेक्ट' शब्द आपल्याकडे फार लाडका आहे. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला, करा डायरेक्ट. फ्यूज वारंवार जातो, घाला जाड तार. या शब्दाविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती तुमच्यापुढे मांडायची आहे. पण आधी यंत्र समजून घेऊ.

क्लचची मूठ दाबली की इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध तुटतो. इंजिन फिरले तरी चाक फिरत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरीही चाक मोकळेच असते. म्हणजे गाडी सुरक्षितपणे सुरू करण्याच्या दोन अवस्था आहेत : न्यूट्रल, किंवा दाबलेला क्लच. म्हणून बहुतेक गाड्यांत न्यूट्रलचा एक खटका आणि क्लचचा एक खटका समांतर जोडलेले असतात, आणि स्टार्टरचे बटण त्यांच्याशी एकसरीत असते. दोन्हींपैकी एक खटका मिटला आणि बटण दाबले, तरच रिलेच्या गुंडाळीतून लहानसा प्रवाह वाहतो. मग रिले बॅटरीचा मोठा प्रवाह स्टार्टर मोटरकडे सोडतो.

'किंवा' आणि 'आणि' या साध्या शब्दांचे गणित जॉर्ज बूल याने १८५४ साली ग्रंथरूपाने मांडले. क्लॉड शॅनन याने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, खटक्यांच्या जोडण्या याच गणिताने चालतात. खटका मिटलेला असेल तर १, उघडा असेल तर ०. आता या गणिताचा एक नियम पाहा : १ किंवा ०, उत्तर १; १ किंवा १, उत्तर १. एक बाजू कायमची १ झाली की दुसरी बाजू काहीही सांगो, उत्तर बदलत नाही.

क्लचच्या खटक्याच्या वायरी जोडून टाकणे म्हणजे एक बाजू कायमची १ करणे. त्या मुलाला वाटत होते, आपण एकच खटका काढला. प्रत्यक्षात न्यूट्रलचा चांगला खटकाही त्याच क्षणी निरुपयोगी झाला. एका पहारेकऱ्याला रजा दिली आणि दुसऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला!

आता थोडी आकडेमोड. समजा, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे ३० फेरे होतात तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेऊ लागले तर चाकाचे सुमारे ४७ फेरे होतील. चाकाचा परीघ १.९ मीटर धरला तर वेग सेकंदाला जवळजवळ दीड मीटर. माणूस दचकून सावरेपर्यंत एक सेकंद सहज जातो, तेवढ्यात गाडी हातभर नव्हे, दीड मीटर पुढे गेलेली असते. गाडीचे वस्तुमान १४० किलोग्रॅम असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १५७ ज्यूल. १६ किलोग्रॅमचा भरलेला हंडा एक मीटर उंचीवरून पायावर पडला तर एवढीच ऊर्जा असते. त्यातून दचकलेला हात अॅक्सिलरेटर पिळतो, ते वेगळेच.

इंजिन पेटले नाही तरी नुसती स्टार्टर मोटर गाडीला हिसका देते. चाक ब्रेकने किंवा भिंतीने अडले असेल तर मोटर नीट फिरू शकत नाही. फिरणारी मोटर स्वतःच उलटा विद्युतदाब निर्माण करून प्रवाहाला आवर घालते, मंदावलेल्या मोटरमध्ये तो आवर कमी होतो आणि प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता चौपट. मोटर, रिले आणि बॅटरी या तिघांच्याही आयुष्याला त्याने कात्री लागते.

यावर एक आक्षेप येतो. जुन्या किकच्या गाड्यांना कुठे होता असा खटका? आक्षेप योग्य आहे. पण किक मारायला पाऊल रोवावे लागते, सारे अंग कामाला लावावे लागते. चुकून किक बसत नाही. बटण मात्र एका बोटाने दाबले जाते, पाच वर्षांच्या मुलाच्या बोटानेही. श्रम जितके कमी झाले, तितकी राखण वाढवावी लागली.

दुसरा आक्षेप : रात्री घाटात खटका बिघडला तर काय करायचे? बहुतेक गाड्या अशा वेळी न्यूट्रलमध्ये आणून सुरू करता येतात. दुसरा खटका त्यासाठीच तर आहे. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. या खटक्यात धूळ बसली किंवा त्याची वायर तुटली तर गाडी गिअरमध्ये सुरू होत नाही. स्वतःहून धावत नाही. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, अशी ही योजना आहे. आगगाडीच्या हवेच्या ब्रेकमध्येही हेच तत्त्व आहे : नळी फुटून दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. आपण ज्याला खटक्याचा त्रास म्हणतो, तो पुष्कळदा त्याचा शहाणपणा असतो.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ आणि ३ तारखांमधल्या रात्री, भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. तेव्हा त्या रसायनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, आणि सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही नळ काढून ठेवल्यामुळे निकामी होता. त्या भयंकर घटनेची आणि गल्लीतल्या गाडीची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु सवय एकच आहे : आज काही घडले नाही, म्हणजे राखणदाराची गरज नाही. राखणदाराचे काम चोख चालले असते तेव्हा काहीच घडत नसते, हे आपण विसरतो.

गॅरेजवाल्याला दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. गाडी लगेच हवी, पैसे कमी लागावेत, हा आग्रह आपलाच असतो. तेव्हा दुरुस्तीला गेलात तर एवढे विचारा : "हा भाग कशासाठी बसवला आहे? तो काढला तर कोणाला लागेल?" उत्तर मिळेपर्यंत वायरीला हात लावू देऊ नका.

शिक्षकांना एक विनंती. एक घट, एक दिवा आणि तीन खटके घ्या. दोन समांतर, तिसरा त्यांच्याशी एकसरीत. आठही जोड्यांचा तक्ता मुलांकडून भरून घ्या. मग समांतर खटक्यांपैकी एकाच्या टोकांना तार जोडा आणि तक्ता पुन्हा भरा. कोणती उत्तरे बदलली, ते मुलांना शोधू द्या.

माझ्या त्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच दिवशी नवा खटका बसवून घेतला आणि सायकलच्या चाकाचे पैसे दिले. ती मुलगी अजून त्याच पायरीपाशी सायकल लावते.